खरेदीचं टेबल

गेल्या शनिवारी आत्याचा फोन आला. "अरे, वेळ आहे का तुला? माझी माहिती दोन ओळींत बसवून दे. प्रशिक्षणाच्या पत्रिकेत छापायचीय म्हणे."

मी आपला आयटीवाला. नावापुढे जोरदार काहीतरी लावायची सवय. लगेच टाईप करून पाठवलं, 'वरिष्ठ शासकीय खरेदी विश्लेषक व प्रशिक्षक'. पाच मिनिटांनी परत फोन. आधी नुसतंच हसू, मग म्हणाली, "विश्लेषक काय रे, विश्लेषक! माझ्या टेबलावर पाटी आहे 'स. ले. अ.' म्हणून. त्यातला 'अ' पण पुसलाय."

स. ले. अ. म्हणजे सहायक लेखा अधिकारी. पुण्यातल्या एका सरकारी ऑफिसात आत्या कित्येक वर्षं खरेदीच्या टेबलावर आहे. (सरकारात माणसाकडे काम नसतं, टेबल असतं. 'ते टेबल कोणाकडे आहे?' असं विचारतात.) कपाटं, प्रिंटर, शिपायांचे गणवेश, काय वाट्टेल ते घ्यायचं असो, फाईल तिच्या टेबलावरून जाते. शिवाय वर्षातून आठ-दहा वेळा इतर ऑफिसांतल्या लोकांना हेच काम शिकवायला तिला बोलावतात. पुढच्या वर्षी ती रिटायर होतेय, म्हणून म्हटलं आता लिहून टाकावं. हे आत्याबद्दल आहे आणि थोडं माझ्याबद्दलही. माझ्याबद्दलचा भाग बरेच शनिवार टाळत आलोय.

आधी गावाची ओळख. नाशिक रस्त्याने मोशी सोडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, चिंबळी फाटा गेला की कुरुळी. हे आमचं गाव. मर्सिडीजच्या कारखान्याच्या पत्त्यात आमच्या गावाचं नाव आहे. म्हणजे गावात मर्सिडीज बनते आणि गावचा इंजिनियर हिंजवडीला कंपनीच्या बसने जातो :)

बाबांचं कुरुळीतच छोटंसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. दोन वेल्डिंग मशीन, एक शीअर, एक प्रेस ब्रेक, पाच-सहा माणसं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल देणारे जे व्हेंडर, त्यांना माल देणारे जे व्हेंडर, त्यांना आम्ही ट्रॉल्या आणि रॅक करून देतो. इथली खरेदी कशी चालते ते मी लहानपणापासून बघतोय. फोन वाजतो. "शेठ, वीस ट्रॉल्या लागतायत, परवा पाठवा." बाबा पत्रा कापायला घेतात. पीओ येते आठ दिवसांनी, कधीकधी ट्रॉल्या पोचल्यावर. सगळा कारभार विश्वासावर आणि त्या फोनवर. पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला गेला तर का गेला असं विचारायची सोय नाही. ज्याचे पैसे त्याची मर्जी.

आत्याचं टेबल बरोब्बर उलटं. तिथे पैसे टेबलावर बसलेल्याचे नसतात, त्यामुळे मर्जीही त्याची चालत नाही. तिला एकदा विचारलं होतं, "तुम्ही एक कपाट घ्यायला चार महिने का लावता गं?" ती म्हणाली, "कपाट चार दिवसांत येतं. चार महिने लागतात ते पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाचं उत्तर तयार करायला." तो पाच वर्षांनी येणारा माणूस म्हणजे लेखापरीक्षक. तो येतो तेव्हा आत्याची बदली झालेली असते, साहेब रिटायर झालेले असतात, कपाटाला गंज चढलेला असतो. बोलायला जागेवर फक्त फाईल असते. ही वस्तू का लागली, इतकीच का लागली, याच्याकडूनच का घेतली, याच दराने का घेतली, हे सगळं तिनेच बोलायचं.

गंमत म्हणजे या एवढ्या मोठ्या कारभाराला देशभर लागू होईल असा कायदाच नाही. २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचं विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते लोकसभेच्या मुदतीबरोबर २०१४ ला संपलं. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये आपापले कायदे केले. केंद्राचं काम सामान्य वित्तीय नियमांवर चालतं, ते शेवटचे नव्याने आले २०१७ ला. महाराष्ट्रात शासन निर्णय. आत्या नोकरीला लागली तेव्हा १९९२ ची नियमपुस्तिका होती, मग १ डिसेंबर २०१६ ला सुधारित आली. जुनीच्या झेरॉक्सची झेरॉक्स अजून तिच्या कपाटात आहे, अक्षरं फुटलेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राचं जेम पोर्टल सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी दिल्लीचं ते जुनं पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंदच केलं. म्हणजे लेजर आणि लाखेच्या सीलवर शिकलेल्या बाईने पन्नाशीच्या आसपास पासवर्ड, डिजिटल सही, टोकन हे सगळं शिकून घेतलं आणि वर दुसऱ्यांना शिकवायला लागली. आमच्या ऑफिसात नवीन फ्रेमवर्क आलं की आम्ही दोन आठवडे रडतो.

तिचं विश्लेषण म्हणजे काय, ते मला कळलं आमच्याच वर्कशॉपमध्ये. मी दहावी-अकरावीत असेन. आत्या रविवारी यायची, चहा झाला की बाबांच्या मागे शेडमध्ये. "दादा, या रॅकच्या फळीत पत्रा किती किलो बसतो रे?" बाबा खडूने जमिनीवर गणित मांडायचे. एक मिलीमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा म्हणजे ७.८५ किलो. नऊशे बाय साडेचारशेची फळी, २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलीमीटर, तर झाले पावणेतीन किलोच्या थोडं वर. तीच फळी २२ गेजमध्ये, ०.७ ला, केली तर सव्वादोनच्या आत. रंग दिल्यावर डोळ्याला फरक कळत नाही. पण सहा फळ्यांचे दोनशे रॅक असले तर साडेसातशे किलोच्या वर पत्रा पुरवठादाराच्या घरी राहतो. आत्या हे सगळं एका जुन्या डायरीत लिहून घ्यायची. मग ऑफिसात रॅकचे दर आले की ती पत्र्याचं वजन, त्या महिन्याचा पत्र्याचा भाव, मजुरी, पावडर कोटिंग, टेम्पो अशी बेरीज करून बघायची. सगळ्यात कमी दर म्हणजे एल-वन. आपल्याकडे सगळे म्हणतात, एल-वनला काम द्यायचं की संपलं. आत्याचं म्हणणं, एल-वनचा दर पत्र्याच्या किमतीपेक्षाही खाली असला तर त्याने पत्रा कुठे वाचवला ते आधी विचार. आणि सगळेच दर दीडपट वर असले तर ते चौघं कुठल्या हॉटेलात बसले होते ते विचार. (स्पर्धा कायदा, २००२ प्रमाणे संगनमताने बोली लावणं हा गुन्हेगारी नाही पण दंडाचा मामला आहे, हे पण तिनेच सांगितलेलं.)

आणखी एक तिची आवडती गोष्ट. तेव्हा राज्यात तीन लाखांच्या वर खरेदी गेली की ई-निविदा लागायची. "रकमा बघ कशा चालत येतात आणि तीन लाखांच्या अलीकडे येऊन दम खातात," असं ती म्हणायची. दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार. दोन लाख नव्व्याण्णव हजार पाचशे. एकाच महिन्यात, एकाच वस्तूचे तीन तुकडे. आणि महिना बहुतेक मार्च, कारण ३१ तारखेला न वापरलेले पैसे परत जातात.

आता माझ्याकडे येतो.

२०१९. वाहनउद्योगात मंदी आली होती. पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये ज्यांची घरं त्या धंद्यावर चालतात त्यांना ते वर्ष आठवत असेल. मोठ्या कंपन्या महिन्यातले काही दिवस काम बंद ठेवत होत्या. वरची कंपनी चार दिवस बंद राहिली की खालच्या व्हेंडरचे पंधरा दिवस जातात. बाबांचा फोन वाजायचा बंद झाला. पाचपैकी दोन माणसं गावाकडे गेली. मी नुकताच इंजिनियरिंगची डिग्री घेऊन नोकरीला लागलेलो, चार महिने झाले असतील. म्हणजे माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त हुशार असतो तो काळ.

बाबांना कोणीतरी सांगितलं, एका सरकारी ऑफिसात रेकॉर्ड रूमसाठी लोखंडी रॅक घ्यायचेत, निविदा निघालीय. दोनशे रॅक. आमच्या हिशोबाने साडेअकरा लाखांचं काम. दोन महिने वर्कशॉप चाललं असतं. ते ऑफिस आत्याचं नव्हतं. आत्याच्या ऑफिसात बाबांनी कधी दर भरलाच नाही, ते दोघांमध्ये न बोलता ठरलेलं होतं. पण हे दुसरं ऑफिस होतं, तिथे भरायला काय हरकत?

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. "तू इंजिनियर ना रे." आत्याने फोनवर एवढंच सांगितलं, "पोर्टलवर बोली भरणाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका आहे, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. त्या निविदेबद्दल मला काही विचारू नकोस, मी काही सांगणार नाही." मी हो हो म्हणालो. माहितीपुस्तिका! आम्ही काय बटणं दाबायला पुस्तकं वाचतो का? पोर्टल बघून तर मला हसूच आलं. दोन हजार सालातली वाटावीत अशी पानं, जावाची कटकट, बाबांच्या नावाचं डिजिटल सहीचं टोकन दर दहा मिनिटांनी रुसायचं. मी ऑफिसातल्या मित्रांना स्क्रीनशॉट पाठवून खिल्ली उडवत होतो.

शेवटचा दिवस. पाच वाजेपर्यंत मुदत. पानाच्या वर सर्व्हरचं घड्याळ चालू असतं, तेच घड्याळ धरायचं, आपल्या मनगटावरचं नाही. मी वर्कशॉपच्या केबिनमध्ये मोबाईलचं नेट जोडून बसलेलो. तांत्रिक लिफाफा चढवला, बयाणा रकमेचे कागद चढवले. मग दरांची एक्सेल शीट. तिचं नावसुद्धा बदलायचं नसतं, बदललं तर बोली बाद. एवढं मला माहीत होतं, त्याचा अभिमानही होता. चार वाजून चाळीस मिनिटांनी शीट चढली, हिरव्या अक्षरात यशस्वी असं आलं. मी लॅपटॉप मिटला. बाबांनी वडापाव मागवले.

तांत्रिक लिफाफे उघडले त्या दिवशी पोर्टलवर यादी आली. चार नावं. आमचं नव्हतं.

आधी वाटलं, पान नीट उघडलं नसेल. मग पुन्हा पुन्हा उघडलं. मग आत्याला फोन केला. पोर्टलला शिव्या घातल्या, एनआयसीला घातल्या, सरकारला घातल्या. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"पोच निघाली होती का?"

"कसली पोच?"

ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग शांतपणे सांगितलं. सगळे कागद चढवून झाले की शेवटी 'फ्रीज' असं एक बटण असतं. ते दाबलं की बोली सादर होते आणि क्रमांक असलेली पोच निघते. ती छापून ठेवायची. फ्रीज केलं नाही तर बोली सादरच झाली नाही. पेटी उघडायला बसलेल्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तू आलाच नव्हतास.

मी म्हटलं, "आत्या, त्या ऑफिसातली माणसं तुझ्याच ट्रेनिंगला बसलेली असतील. एक फोन कर ना. कागद सगळे चढलेत, वेळेत चढलेत, नुसतं एक बटण राहिलंय."

"माझ्याकडे शिकलेत म्हणूनच फोन करणार नाही."

"बाबांचा धंदा बसलाय गं."

"मला माहितीय," ती म्हणाली. आवाज फुटल्यासारखा झाला होता. "ठेवते."

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाकडूनही होते. ह्याच्यापुढे मी जे केलं ती चूक नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "सर्व्हर डाऊन झाला होता. आपल्यासारख्या बऱ्याच जणांचं अडकलं. आत्याला म्हटलं जरा बोल त्यांच्याशी, तर ती नाही म्हणाली."

दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून तर पहिलं खपलं. बाबा काही बोलले नाहीत. शेडमध्ये गेले, दिवा लावला, आणि काम काहीच नसताना बराच वेळ आत राहिले.

त्या वर्षी भाऊबीजेला बाबा आत्याकडे गेले नाहीत. अर्जंट काम आहे म्हणाले. २०१९ च्या दिवाळीत चाकणमध्ये कोणाकडे अर्जंट काम होतं? साडी घेऊन मला पाठवलं. आत्याने मला ओवाळलं, पुरणपोळी वाढली, बाबांची चौकशी केली. मला वाटत होतं आता विचारेल, तू दादाला नक्की काय सांगितलंस? नाही विचारलं. मी डबा घेऊन परत आलो. पुढच्या वर्षी लॉकडाऊन, मास्क, कोणीच कोणाकडे नाही, त्यामुळे न जायला कारणही लागलं नाही.

वर्कशॉप तगलं, ते वेगळ्याच कारणाने. इकडे गोदामं वाढली, ऑनलाईन खरेदीवाल्यांची, आणि गोदामांना रॅक लागतात. फोन परत वाजायला लागला. पण बाबांच्या तोंडी आत्याचा विषय निघाला की ते 'तुझी आत्या' म्हणायचे. आधी 'ताई' म्हणायचे, स्वतःपेक्षा लहान असून.

२०२१ ची खंडेनवमी. सगळी मशीनं पुसून, हार घालून ठेवायची असतात. बाबा ड्रिल मशीन पुसत होते, मी हार सोडवत होतो. का कोण जाणे, तेव्हाच तोंडातून निघालं. सर्व्हर डाऊन नव्हता. मी बटण दाबलं नव्हतं. पुस्तिका वाचली नव्हती.

बाबांनी ड्रिलचा चक पुसणं चालू ठेवलं. मग विचारलं, "तिला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

त्यांनी मशीनला हार घातला, कुंकू लावलं. मग म्हणाले, "साला." मला म्हणाले की स्वतःला, ते मी विचारलं नाही. त्या भाऊबीजेला सकाळी आठलाच ते टेम्पो काढून आत्याकडे गेले. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. परत आले ते डबा घेऊन.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी आत्याचा वर्ग कधी बघितला नव्हता. २०२३ च्या डिसेंबरात तिने मला कामाला लावलं. "मला बारा बनावट कोटेशनं करून दे. त्यात चोऱ्या पेरून ठेव." मी दोन वीकेंड मजेत घालवले. तीन फर्मांचे पत्ते वेगळे पण फोन नंबर एकच. दोन कोटेशनांत 'पावडर'चं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं. एका जोडीत पीडीएफच्या आत लेखकाचं नाव तेच. तिसऱ्यात प्रत्येक ओळीचा दर दुसऱ्याच्या बरोब्बर चार टक्के वर. स्वतःवरच खूष झालो होतो. आणि त्या दिवशी प्रोजेक्टर जोडायच्या निमित्ताने मागच्या रांगेत जाऊन बसलो.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं. बहुतेक जण खरेदीच्या टेबलावर नुकतेच आलेले. काल आस्थापना शाखेत रजेचे अर्ज बघत होते, आज बदली, आणि समोर लाखांच्या फाईली. आत्याने पहिलाच प्रश्न विचारला, "सही करताना हात कोणाचा थरथरतो?" आधी कोणीच हात वर केला नाही. मग एक, मग पाच, मग जवळजवळ सगळे. ती म्हणाली, "चांगलंय. ज्याचा थरथरत नाही त्याने मला मधल्या सुट्टीत भेटा." हशा. मग तिने सांगितलं की भीतीने दोन गोष्टी होतात. काही जण साहेब म्हणतील तिथे सही करतात, काही जण कुठेच करत नाहीत, आणि दोघांच्याही ऑफिसात पावसाळ्यात ताडपत्री वेळेवर येत नाही. टिपणीत आपलं मत लिहायला शिका, म्हणाली. 'सादर' एवढंच लिहून फाईल वर ढकलू नका. नाही पटलं तर तसं लिहा, नियम लिहा, तारीख टाका. साहेबांना ते डावलायचा अधिकार आहे, त्यांना डावलू द्या, पण तेही लिहून डावलू द्या.

ह्या सगळ्याने भ्रष्टाचार थांबतो का? मला नाही वाटत. ज्याला खायचंय तो फाईल एकदम स्वच्छ ठेवून खातो, हे आत्याच म्हणते. अपेक्षित वस्तूचं वर्णनच असं लिहायचं की एकाच कंपनीचा माल बसेल, मग बाकी सगळं नियमाने. पण वर्णन तसं का लिहिलं हे कोणीतरी फाईलवर विचारलेलं असलं, तर पाच वर्षांनी येणाऱ्याला धागा सापडतो. विचारलेलंच नसलं तर तोही सापडत नाही.

मग माझी कोटेशनं वाटली. चाळीस माणसं कागद डोळ्यांजवळ नेऊन बसली. फोन नंबर पाच मिनिटांत सापडला. स्पेलिंग सापडलं. चार टक्के एकाने मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढले. पीडीएफची गोष्ट कोणालाच सापडली नाही, तेव्हा मी मागे बसून गालातल्या गालात हसत होतो. इतक्यात तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. तालुक्याच्या कुठल्यातरी ऑफिसात भांडारपाल होत्या, पस्तीस-चाळिशीच्या, मांडीवर स्वेटर विणायचं सामान.

"मॅडम, सात नंबरच्या कोटेशनवर आपल्या ऑफिसचा आवक शिक्का रविवारचा आहे. रविवारी आवक कोणी घेतली?"

हॉल शांत. आत्याने कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ही चोरी मी पेरलेली नव्हती. तारखा मी एक्सेलच्या सूत्राने भसाभस काढल्या होत्या, वार कोण बघतंय! त्या बाईंनी मात्र पिशवीतल्या छोट्या कालनिर्णयात वार बघितला होता. आत्या म्हणाली, "शाब्बास. हे तर आमच्या इंजिनियरलाही माहीत नव्हतं." सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी प्रोजेक्टरची वायर बघायला लागलो.

दुपारनंतर ई-निविदेचा भाग आला. पुरवठादार कुठे चुकतात ते तुम्हाला माहीत हवं, कारण तो चिडून तुमच्याच टेबलावर येणार आहे, असं म्हणत ती एकेक सांगायला लागली. फ्रीजच्या बटणावर आली तेव्हा माझे कान तापले. "माझ्या ओळखीत एक मुलगा होता," ती म्हणाली, "हुशार. सगळे कागद वेळेत चढवले आणि पोच न घेता वडापाव खायला गेला." हॉल हसला. "हसू नका. त्याच्या घरी दोन महिन्यांचं काम गेलं त्याच्यात. असा माणूस तुमच्याकडे आला तर तुम्ही त्याला आत घेऊ शकत नाही. पण त्याला बसवा, पाणी द्या, आणि कुठे चुकलं ते नीट सांगा. पुढच्या वेळी तो परत भरेल असं सांगा." आणि पुढच्या स्लाईडवर गेली.

वडापावचं तिला मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे बाबांनी सांगितलं असणार.

त्या दिवशी वर्गात आणखी एक वस्तू फिरली. सकाळी मी निघताना बाबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं होतं. पत्र्याचे तीन तुकडे, हातभर लांबीचे, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि रंग तिघांना एकच, राखाडी. मागच्या बाजूला खडूने १८, २०, २२. "तिला म्हणावं, सगळ्यांच्या हातात दे. वाकवून बघू दे." वर्गात लोक ते तुकडे वाकवून बघत होते, मग आकडा बघायला उलटत होते, मग शेजारच्याला देत होते. त्या भांडारपाल बाईंनी २२ चा तुकडा हातात धरून हळूच विचारलं, "म्हणजे आमच्याकडे आलेत ते हे आहेत होय?"

रात्री घरी आलो तर बाबा जेवायचे थांबले होते.

"पत्रे परत आणलेस?"

"नाही, आत्याने ठेवून घेतले. पुढच्या वर्गाला लागतील म्हणाली."

"पोच घेतलीस?"

घेतली होती. मी नाही मागितली, तिनेच निघताना लिहून खिशात कोंबली होती. बाबांनी चष्मा लावून वाचली. 'एम. एस. पत्र्याचे तुकडे, नग ३ (१८, २० व २२ गेज), परतीच्या अटीवर मिळाले.' खाली सही, तारीख, आणि कंसात स. ले. अ.

त्यांनी ती बिलांच्या तारेत अडकवली.

"वजन नाही लिहिलं," म्हणाले.